मोटार तीच, मग चढ का चढेना?



मागे आम्ही कामानिमित्त आंबिवलीस गेलो होतो. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्यामधले हे स्टेशन. आपल्या एका सभासदाचा मुलगा तिथे बॅटरीवरची मालरिक्षा चालवतो. गाडी कर्जाऊ. तो म्हणाला, "काका, सकाळी भरल्या गोण्या घेऊन गाडी सरसर चढते. संध्याकाळी तोच चढ, तेवढ्याच गोण्या, पण मधेच दम टाकते. गॅरेजवाला म्हणतो, मोटार बदला." नवी मोटार म्हणजे कित्येक महिन्यांचे हप्ते!

आम्ही म्हटले, जरा थांब. आपल्या कारखान्यात काय होते? बॉयलरचा दाब उतरला की चांगली मिलसुद्धा ऊस ओढीत नाही. म्हणून शहाणा कामगार आधी दाबाचा काटा पाहतो, मग ऊस सोडतो. दाब नसताना ऊस लोटला तर मिल तुंबणारच. बॅटरीच्या गाडीतही हाच न्याय आहे.

चाक फिरवणाऱ्या पिळाला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. त्यातून मोटारीची घट वजा करायची. उरलेले किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले मिनिटाचे फेरे, की आला टॉर्क. उदाहरणादाखल, बॅटरी ४८ व्होल्ट आणि १५० अँपिअर देत असेल, कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ३००० फेऱ्यांना सुमारे १९.५ न्यूटन-मीटर मिळतात. बॅटरी उतरून ४४ व्होल्ट झाली आणि तिच्या रक्षणासाठी प्रवाह ८० अँपिअरवर आणला, तर उरतात जेमतेम ९.५. मोटार तीच, जोर निम्म्याहून कमी!

गाडीतला कंट्रोलर हा अंदाज क्षणोक्षणी बांधतो. मोटारीची स्वतःची मर्यादा किती, बॅटरी किती देऊ शकते, दोन्ही किती तापल्या आहेत, हे पाहून जे सर्वांत कमी तेवढेच तो देतो. जास्त मागू दिले तर व्होल्ट एकदम कोसळतील आणि गाडी भर चढावर बंद पडेल.

खरेदी करताना जाहिरातीतला मोठा आकडा पाहून भुलू नये. तो बहुधा घटकाभराचा असतो. 'एआयएस-०४१' या भारतीय मानकात ३० मिनिटे टिकणारी कमाल शक्ती मोजण्याची रीत दिली आहे. विक्रेत्याला तो आकडा विचारावा. आणि बॅटरी २० टक्क्यांवर असताना, भरल्या मालानिशी गाडी चढावर घालून पाहावी.

त्या मुलाला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. दुपारी जेवताना गाडी चार्जिंगला लाव, आणि चढावर वेग कमी ठेव. फेरे कमी झाले की मोटारीच्या मर्यादेपर्यंत तेवढ्याच वॅटमध्ये पीळ वाढतो. आठवड्याने त्याचा फोन आला, "काका, चढली!" मोटार बदलली नाही. हप्ता मात्र वेळेवर गेला.

यंत्राला दोष देण्याआधी त्याची शिदोरी तपासावी, एवढेच आमचे सांगणे.