उपग्रहांचा परस्परसंवाद आणि दिशादर्शनाचा भरवसा

आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा हे गाव नागपूर-हैदराबाद मार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 44 वर वसलेले आहे. या मार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींसारख्या व्यावसायिक वाहनांसाठी 1 एप्रिल 2019 पासून ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीचे संदेश घेणारा ट्रॅकर बंधनकारक झाला. हा ट्रॅकर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांना लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून आपले ठिकाण काढतो. वेळेत एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर सुमारे 300 मीटरने चुकते. म्हणून उपग्रहावरील अणुघड्याळ आणि उपग्रहाचे नेमके स्थान या दोन गोष्टींवर सारा भरवसा उभा असतो.

घड्याळांनी दगा दिला तर काय होते, याचा अनुभव भारताने घेतला आहे. जुलै 2013 मध्ये सोडलेल्या नाविकच्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही अणुघड्याळे बंद पडली, त्याच्या जागी ऑगस्ट 2017 मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला आणि अखेर एप्रिल 2018 मध्ये दुसरा उपग्रह कक्षेत पोहोचला.

घड्याळांची व कक्षांची तपासणी जमिनीवरील केंद्रे करतात. मात्र शेताच्या एकाच बांधावर उभे राहून दूरच्या खुणा मोजाव्यात, तशी ही मोजणी असते: उपग्रहाची उंची चांगली कळते, पण तो आडव्या दिशेने किती सरकला हे तितके नेमके कळत नाही. उपग्रहांनी रेडिओलहरींद्वारे एकमेकांमधील अंतर मोजले, तर ही आडवी बाजू भरून निघते. शिवाय एखादे घड्याळ भरकटू लागल्यास शेजारच्या उपग्रहांशी तुलना करून ते लवकर ओळखता येते.

चीनने जुलै 2020 मध्ये पूर्ण केलेल्या तिसऱ्या पिढीच्या ‘बेईदोऊ’ दिशादर्शन प्रणालीत हा मार्ग स्वीकारला. जगभर स्वतःची केंद्रे उभारणे अवघड असल्याने, चीनच्या क्षितिजाआड गेलेल्या उपग्रहापर्यंत नवी माहिती चीनमधून दिसणाऱ्या उपग्रहामार्फत याच रेडिओदुव्यांवरून पोहोचवली जाते. नाविकचे उपग्रह सतत भारताच्या दृष्टिपथात राहत असल्याने भारताला अशी निकड नाही. परंतु ही प्रणाली कधी कमी उंचीच्या कक्षांत जगभर पसरवायची ठरली, तर परस्परसंवाद जवळजवळ अटळ होईल.

या तंत्राला मर्यादाही आहेत. उपग्रहांमधील सर्व अंतरे अचूक असूनही त्यांचा संपूर्ण समूह पृथ्वीच्या संदर्भात किंचित फिरला, तर ते केवळ आपसांतील मोजणीतून उमगत नाही. नेरडीगोंड्याहून निर्मल शहराकडे जाताना झाडी आणि डोंगर संदेश अडवत असतील, तर तेही या दुव्यांनी सुटत नाही. त्यामुळे उपग्रहांमधील दुवे हे जमिनीवरील केंद्रांना पूरक आहेत, पर्याय नव्हेत. आणि या दोन्हींपेक्षा आधी टिकाऊ घड्याळे हवीत, म्हणूनच मे 2023 मध्ये सोडलेल्या उपग्रहावर स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवणे हे योग्य दिशेचे पाऊल होते.