स्वस्त गोणी, खारावलेला हिशेब

युरिया पिकाला आठवडाभरात हिरवंगार करतो. सुपर फॉस्फेट किंवा पोटॅशचं काम असं झटकन बांधावरून दिसत नाही. शेतकऱ्याचा जीव युरियावर जडला तो आधी याच कारणाने. पुढचं काम किमतीने केलं.

१९६५ साली ट्रॉम्बेचा खत कारखाना सुरू झाला आणि ‘सुफला’ची गोणी गावोगाव पोचली. १९७७ मध्ये मराठे समितीच्या शिफारशीवरून कारखान्यांचा खर्च भरून देणारी अनुदान पद्धत आली. शेतकऱ्याला खत परवडलं, धान्याची कोठारं भरली. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

घोळ झाला ऑगस्ट १९९२ मध्ये. तिजोरीवरचा भार हलका करायचा म्हणून स्फुरद (सुपर फॉस्फेट) आणि पालाश (पोटॅश) देणारी खतं नियंत्रणमुक्त झाली, त्यांचे भाव भडकले. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला, वर दहा टक्के स्वस्तही झाला! नत्र, स्फुरद, पालाश यांचं देशातलं प्रमाण ५.९ : २.४ : १ होतं, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ वर गेलं. ढोबळमानाने आदर्श मानतात ते ४ : २ : १.

२०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, त्यातूनही युरिया वगळला. चूक एकदा झाली तर समजून घेता येते. ही दुसऱ्यांदा केली, कारण युरियाचा दर मोकळा सोडायची राजकीय छाती कुणाचीच नव्हती. २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, २०१८ मध्ये गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोवर आली. दर जवळपास तिथेच राहिला.

स्वस्त म्हणून युरिया गरजेपेक्षा जास्त पडतो, आणि त्यातल्या, पिकाने न उचललेल्या नत्राचं मातीत नायट्रेट होतं. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाऊस किंवा मोकाट पाणी त्याला खाली नेतं.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातले सुमारे २० टक्के नमुने तिच्यापलीकडे गेले, महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून अधिक. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही नावं देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत आहेत. उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डेही यात वाटेकरी आहेत, सगळं खापर युरियावर फोडता येणार नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. जास्त प्रमाणात ते तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. पाणी उकळलं तर ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं दाट होतं.