सुती ते सुती, पण गडावर?

ट्रेकच्या आदल्या रात्री ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "बफ कुठला घेऊ?" पाच मिनिटांत उत्तर हजर: "सुतीच घे. थंड असतं, घाम शोषतं. बाकी सगळं प्लास्टिक!" उत्तर देणारे काका वीस वर्षं गड चढतायत, त्यामुळे तिथे तोंड उघडायची सोय नसते. म्हणून इथे उघडतो.

बफ म्हणजे अडीच वीत लांब, वीतभर रुंद, दोन्हीकडून उघडी ताणली जाणारी नळी. गळ्यात, नाकावर, कानांवर, डोक्यावर, कुठेही चढते. पाकिटावर घालायच्या डझनभर तऱ्हा छापलेल्या असतात. त्यातल्या तीन-चारच आपण वापरतो, ते असो.

सुती कापड घाम शोषतं हे खरंच आहे. पण शोषलेला घाम जातो कुठे? तो कापडातच मुक्काम ठोकतो. सुती धागा पाणी पोटात घेतो आणि सोडताना कुरकुरतो. पॉलिएस्टरचा धागा वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. ओलावा धाग्यांमधल्या फटींतून पसरतो आणि वाऱ्यावर उडून जातो. पटत नसेल तर दोन्ही कापडं भिजवून, सारखी पिळून बाल्कनीतल्या दोरीवर टाका आणि तासाभराने हात लावून बघा.

डिसेंबरात पहाटेच्या काळोखात बारी गावातून कळसूबाई चढताना शिड्या येईपर्यंत बफ घामाने चिंब होतो. १६४६ मीटरवर, माथ्यावर पोचल्यावर वारा लागतो आणि कडाक्याची हुडहुडी भरते. तापलेल्या माणसाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवतात ना, तशी घडी आपणच आपल्या गळ्याला गुंडाळून सूर्योदयाचे फोटो काढत उभे! जुलैत तर विचारूच नका. सकाळी भिजलेला सुती बफ रात्री गुहेतही ओलाच, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास.

काकांचं बरोबर कधी असतं, तेही सांगतो. एप्रिलच्या कोरड्या उन्हात, देशावरच्या गडांवर, भिजवलेल्या सुती पंच्याला तोड नाही. पाणी उडून जाताना मानेची उष्णता घेऊन जातं आणि सुती कापड ते पाणी बराच वेळ पुरवतं. पण हीच युक्ती कोकणातल्या दमट हवेत जवळजवळ फसते, कारण पाणी उडायलाच तयार नसतं. म्हणजे कापड हवा बघून ठरवायचं, सवयीने नाही. थंडीसाठी आणि दोन-तीन मुक्कामी ट्रेकसाठी मेरिनो लोकर उत्तम. ती टोचत नाही, ओली असतानाही थोडी ऊब धरते आणि वास उशिरा येतो. वाळते मात्र सावकाश आणि खिशालाही लागते.

"कापड आहे ना, मग ऊन लागत नाही" हेही काकांचंच. स्किन कॅन्सर फाउंडेशनच्या माहितीनुसार साध्या पांढऱ्या सुती टीशर्टचा यूपीएफ जेमतेम ५ असतो, म्हणजे अतिनील किरणांचा पाचवा हिस्सा आरपार जातो. भिजल्यावर आणखी जास्त. यूपीएफ ५० म्हणजे फक्त पन्नासावा हिस्सा. पण हा आकडा सहसा कोरड्या, न ताणलेल्या कापडावर मोजतात. लहान मापाचा बफ डोक्यावर टंच ताणून बसवलात, तर वीण उघडते आणि पाकिटावरचा आकडा पाकिटावरच राहतो.

उरलेले गैरसमज भराभर. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते: नाही, डोक्याच्या आकारमानाच्या हिशेबानेच जाते. व्रीमन आणि कॅरल या डॉक्टरांनी २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही समजूत खोडून काढली आहे. बफ घालणं मास्क न घालण्यापेक्षा वाईट: २०२० साली ड्यूक विद्यापीठाच्या ज्या प्रयोगावरून ही बातमी उठली, त्यात असा एकच नमुना तपासला होता, आणि आपला हेतू मोजण्याची स्वस्त पद्धत दाखवण्याचा होता हे संशोधकांनीच नंतर सांगितलं. बफने धूळ अडते: वाटेवरची लाल माती अडते, धुराचे सूक्ष्म कण नाही. आग्या मोहोळ उठलं तर बफ पुरतो: पातळ कापडातून काटा सहज घुसतो. रॅपलिंगला गळ्यात काहीच नको: स्कार्फ नकोच, त्याचं लोंबतं टोक डिसेंडरमध्ये अडकू शकतं. बफला टोकं नसतात, तरी तो शर्टात खोचून घ्या.

आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो, मग पॉलिएस्टरही घाम पसरवेनासं होतं आणि काका म्हणतात, "बघ, सांगितलं होतं ना!"