पेज, ॲलन

(७ ऑगस्ट १९४५– ). अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील श्रेष्ठ बचावपटू व मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश. जन्म ओहायओ राज्यातील कँटन या पोलाद-कारखान्यांच्या गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात. कारखान्यातील नोकरी आपल्याला नको, आपण वकील व्हावे, असे पेजने प्राथमिक शाळेत असतानाच मनाशी ठरविले होते. शाळांतील वर्णविभक्ती घटनाबाह्य ठरविणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल त्या वयात त्याच्या मनावर ठसला. फुटबॉलकडे तो त्यानंतर वळला. १९६३ मध्ये त्याचे शालेय शिक्षण संपले, त्या वेळी कँटन येथे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिराची इमारत उभी राहत होती. तिच्या बांधकामावर पेजने मजुरी केली. पंचवीस वर्षांनी याच कीर्तिमंदिरात त्याचा अर्धपुतळा बसविण्यात आला.

पुढील शिक्षण इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात झाले. तेथील संघ १९६६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला, त्यात पेजचा वाटा मोठा होता. राज्यशास्त्राची पदवी घेऊन तो १९६७ मध्ये बाहेर पडला व त्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर, त्याला घेतले.

पेजची खेळातील कामगिरी समजण्यासाठी त्याची जागा ध्यानात घेणे अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू मुख्यत्वे हातांनीच खेळला जातो. चेंडू ताब्यात असलेल्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चढाईची सूत्रे क्वार्टरबॅक या खेळाडूच्या हाती असतात. त्याच्यापुढे त्याच्या पक्षाच्या धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते व तिच्यासमोर बचाव करणाऱ्या संघाची पहिली फळी असते. या फळीत चार खेळाडू असले, तर टोकाच्या दोघांना एंड व मधल्या दोघांना टॅकल म्हणतात. टॅकलने मधली जागा अडवून धरावी, प्रतिपक्षाचे दोन खेळाडू अंगावर घ्यावेत आणि श्रेय इतरांना मिळू द्यावे, अशी रूढ अपेक्षा असे. त्यासाठी वजन हवे, चपळाई दुय्यम, असेही मानले जाई.

पेजने ही कल्पना बदलली. महाविद्यालयात तो एंडच्या जागी खेळे. व्हायकिंग्ज संघाने त्याला टॅकल केले, परंतु त्याने एंडची चपळाई सोडली नाही. उंची सु. १९३ सेंमी. व वजन सु. १११ किग्रॅ. असलेला हा खेळाडू चेंडू हलताक्षणी समोरच्या दोन खेळाडूंमधील फटीतून आत घुसे. थेट क्वार्टरबॅकवर चाल करावयाची आणि चेंडू घेऊन धावणारा खेळाडू वाटेत आला तर त्याला तेथेच पाडावयाचे, अशी त्याची रीत होती. ती धोक्याची होती, कारण फट सोडून पुढे गेलेल्या टॅकलच्या मागे मैदान मोकळे राहते. पेजच्या बाबतीत हा धोका बहुधा प्रतिपक्षाच्याच वाट्याला येई. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन व पेज यांच्या फळीला संघाच्या जांभळ्या गणवेशावरून ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणजे जांभळे नरभक्षक असे टोपणनाव पडले. १९६९ च्या हंगामात या संघाने १४ सामन्यांत प्रतिपक्षांना मिळून अवघे १३३ गुण करू दिले.

१९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पेजला हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून निवडले. या निवडीत हा मान मिळविणारा तो पहिला बचावपटू होय. दुसऱ्या बचावपटूला (लॉरेन्स टेलर) तो मिळण्यास १९८६ साल उजाडावे लागले. गुण करणाऱ्यांची मोजदाद सोपी असते, गुण होऊ न देणाऱ्यांची अवघड. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच पाडणे, हे पेजचे मुख्य काम. परंतु त्याची अधिकृत नोंद १९८२ पासून, म्हणजे पेज निवृत्त झाल्यावर, ठेवली जाऊ लागली. जुन्या टिपणांवरून मागाहून केलेली गणना त्याच्या नावे सु. दीडशे असे प्रसंग दाखविते. व्हायकिंग्ज संघ त्याच्या काळात चार वेळा अंतिम सामन्यास (सुपर बोल) पात्र ठरला (जानेवारी १९७०, १९७४, १९७५ व १९७७) आणि चारही वेळा हरला.

खेळ हे आपले सर्वस्व नव्हे, ही पेजची भूमिका संघचालकांना नेहमीच रुचली असे नाही. खेळाडूंच्या संघटनेत तो संघाचा प्रतिनिधी होता. कायद्याचा अभ्यास त्याने व्यवसायाच्या प्रारंभीच्या वर्षांत सुरू करून तीन आठवड्यांतच सोडला होता. १९७५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात त्याने तो पुन्हा हाती घेतला आणि खेळ चालू असतानाच १९७८ मध्ये पदवी मिळविली. याच सुमारास पत्नी डायॅन हिच्याबरोबर तो लांब पल्ल्याचे धावणे करू लागला. त्यामुळे त्याचे वजन सु. १०२ किग्रॅ.पर्यंत उतरले. इतक्या वजनाचा टॅकल आपल्या उपयोगाचा नाही, असे मुख्य प्रशिक्षक बड ग्रँट याचे मत पडले, तर गती हेच आपले बळ आहे, असे पेजचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९७८ मध्ये, हंगाम निम्म्यावर येण्याच्या आतच, संघाने त्याला मुक्त केले. शिकागो बेअर्स संघाने नियमानुसार केवळ १०० डॉलर भरून त्याला घेतले. तेथील मुख्य प्रशिक्षक नील आर्मस्ट्राँग (हा अंतराळवीर नव्हे) पूर्वी मिनेसोटातच बचावाचा प्रशिक्षक होता व पेजला तो चांगला ओळखत होता. निरुपयोगी ठरविलेला हा खेळाडू शिकागोकडून १९८१ अखेरपर्यंत ५८ सामने खेळला. पंधरा हंगामांतील नियमित सामन्यांची संख्या २१८ झाली. त्यांतील एकही त्याने चुकविला नाही. १९७९ मध्ये त्याने मॅरेथॉन शर्यत पूर्ण केली. व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना ती पूर्ण करणारा तो पहिलाच खेळाडू होय.

मिनीआपोलिस येथे काही वर्षे वकिली केल्यावर १९८५ पासून तो मिनेसोटा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात काम करू लागला. मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मतदारांनी निवडावयाचे असतात. परंतु प्रत्यक्षात मुदतीपूर्वी निवृत्त होणाऱ्याच्या जागी गव्हर्नरने नेमणूक करण्याची वहिवाट पडली होती. १९९२ मध्ये ज्या जागेची निवडणूक व्हावयाची होती, त्या जागेवरील न्यायाधीशाची मुदत गव्हर्नरने वाढविली व निवडणूक टळली. पेजने याविरुद्ध दावा लावला. प्रश्न न्यायालयातीलच एका जागेचा असल्याने नियमित न्यायाधीश बाजूस झाले व खास नेमलेल्या पीठाने पेजच्या बाजूने निकाल दिला. निवडणूक झाली, पेज विजयी झाला व जानेवारी १९९३ मध्ये त्या न्यायालयातील पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश बनला. १९९८, २००४ व २०१० मध्ये तो पुन्हा निवडून आला. २००८ च्या सिनेट निवडणुकीत अल फ्रँकन व नॉर्म कोलमन यांच्यातील मतांचा फरक अखेर अवघा ३१२ राहिला होता. या गाजलेल्या वादाच्या वेळी मुख्य न्यायाधीश बाजूस झाल्याने पीठाचे अध्यक्षपद पेजकडे आले. जून २००९ मध्ये न्यायालयाने एकमताने फ्रँकनच्या बाजूने निकाल दिला. वयाच्या सत्तराव्या वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, नियमाप्रमाणे तो निवृत्त झाला.

१९८८ मध्ये कीर्तिमंदिरात प्रवेश मिळाला, तेव्हा आपली ओळख करून देण्यासाठी त्याने प्रशिक्षकास वा सहखेळाडूस न बोलावता मिनीआपोलिसच्या एका शाळेच्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिकेस बोलाविले आणि स्वतःचे भाषण खेळाऐवजी शिक्षणावर केले. त्याच वर्षी पेज दांपत्याने शिक्षणनिधी स्थापन केला. त्यातून कृष्णवर्णीय व अन्य वर्णीय अल्पसंख्य विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळते. त्याची अट एकच, ती म्हणजे साहाय्य घेणाऱ्याने लहान मुलांना शिकविण्यासाठी काही वेळ द्यावयाचा. खेळात वारंवार निखळून कायमची काटकोनात वाकलेली पेजच्या डाव्या हाताची करंगळी मुलांच्या कुतूहलाचा विषय असे. तिच्यावरच त्याने कन्या केमी हिच्यासह मुलांसाठी एक पुस्तक लिहिले (२०१३).

मिनीआपोलिस येथील एका शाळेस अलेक्झांडर रॅमझी याचे नाव होते. १८६२ मध्ये गव्हर्नर असताना त्याने डकोटा जमातीचा उच्छेद करण्याची किंवा तिला राज्याबाहेर घालविण्याची भाषा केली होती. विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून २०१७ मध्ये हे नाव बदलून शाळेस पेजचे नाव देण्यात आले. गुलामगिरी व वर्णविभक्ती यांच्या काळातील वस्तूंचा पेज दांपत्याने केलेला संग्रह २०१८ मध्ये मिनीआपोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डायॅनचे निधन झाले व नोव्हेंबरमध्ये पेजला ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. मिनीआपोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा अध्यक्ष नील कशकरी याच्यासह २०२० मध्ये त्याने मिनेसोटाच्या संविधानात दुरुस्ती सुचविली. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क मानावा, अशी ती होती.