घरातील पिसवा आणि श्रावकाची यतना

आषाढी चौमासी चतुर्दशी होऊन चार-पाच दिवस झाले होते. बाजारपेठेत खाली भुसार मालाचे दुकान, मागे गोदाम आणि वरच्या मजल्यावर राहते घर, अशी त्या व्यापारी कुटुंबाची जुनी वास्तू. पहाटे सामायिकासाठी आजींनी लोकरीचे पांढरे कटासणे उलगडले, तेव्हा त्यावर मिरपुडीसारखे बारीक काळे कण दिसले. पूंजणीने ते हळुवार बाजूला करताना काही कण नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर पडले आणि पाहता पाहता प्रत्येक कणाभोवती तांबूस वलय उमटले. ती धूळ नव्हती. ते वाळलेले रक्त होते.

नातवाच्या हट्टाने दीड वर्षापूर्वी घरात आलेला कुत्रा दुपारी नेमका त्याच कोपऱ्यात झोपत असे. गेला पंधरवडा तो शेपटीच्या मुळाशी सारखे दातांनी खाजवीत होता. तेथील केस झडून कातडी लाल झाली होती. धाकट्या नातीच्या घोट्यांवर उठलेले तीन-तीन, चार-चार पुळ्यांचे पुंजके सर्वांनी डासांवर ढकलले होते. आता उलगडा झाला. घरात पिसवा झाल्या होत्या.

चिरंजीवांनी दुकान उघडण्यापूर्वीच फवारणीवाल्यास दूरध्वनी केला. दुपारी येतो, चार तास घर रिकामे ठेवा, असे उत्तर आले. आजी शांतपणे म्हणाल्या, "चौमाशात घरात विष शिंपडायचे असेल, तर आधी मला स्थानकात पोहोचवा." सूनबाईंनी मुलीचे पाय पुढे केले. "आई, हे पाहून तुम्हीच सांगा, काय करायचे?" त्या प्रश्नाला आजींजवळ तत्काळ उत्तर नव्हते. फवारणीवाल्यास दोन दिवस थांबण्यास सांगण्यात आले.

असा पेच अनेक जैन घरांत पडू लागला आहे. पूर्वी कुत्र्या-मांजरांना अंगणात भाकरी-दूध घातले जाई. आता ते दिवाणावर झोपतात. प्राण्याला घरात घेतले की त्याच्या अंगावरचे जीवही घरात येतात, याचा विचार मात्र प्राणी आणताना कोणी करीत नाही.

पिसू हा त्रस जीव आहे, याविषयी शंकेला जागा नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतात त्रस जीवांच्या संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. गृहस्थाला स्वयंपाक, झाडलोट, व्यापार आणि स्वसंरक्षण चुकत नाही, म्हणून आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसेत त्याला मर्यादेची व विवेकाची अट घातली. संकल्पी हिंसेत सवलत ठेवली नाही. तेव्हा पिसवा मारण्यासाठीच केलेली फवारणी कोणत्या सदरात पडते? अंगावर चालून आलेल्या उपद्रवाचे निवारण म्हणून ती विरोधी हिंसा, असे काहीजण म्हणतात. ज्या जिवांनी अद्याप कोणाला दंशही केलेला नाही, त्यांच्यासह सर्वांना मारण्याच्या हेतूने बोलावलेले विष ही संकल्पी हिंसाच, असे दुसऱ्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना आधार आहे. परंतु हा वाद घालण्याची वेळ बहुधा यतना चुकल्यानंतर येते, हे विसरता येत नाही. त्याच पहिल्या व्रताचे पाच अतिचार सांगताना बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध मोजले आहेत. हे सारे आश्रित प्राण्याशी वागण्याबद्दलचे आहेत. खाजवून कातडी सोलून घेणाऱ्या मुक्या जिवाकडे पंधरा दिवस दुर्लक्ष करणे त्या यादीच्या बाहेरचे असले, तरी तिच्या आशयाच्या बाहेरचे निश्चित नाही.

पिसवांशी जैन समाजाचा संबंध फार जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तेथील बनियांच्या पशुरुग्णालयाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याजवळच ढेकूण, पिसवा आदी रक्तपिपासू जीवांसाठी वेगळी जागा होती आणि त्यांना आहार मिळावा म्हणून अधूनमधून एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथील खाटेवर निजविले जाई, असे तो सांगतो. परदेशी प्रवाशांनी ही हकीकत पुढे चवीने उगाळली. मात्र कीडक्या धान्यातील जीवांसाठी गुजरातेतील पांजरपोळांत जीवातखाने होते, हे आधुनिक अभ्यासकांनीही नोंदविले आहे. दयेचा हा टोकाचा आविष्कार खरा. पण पैसे घेऊन रात्रभर दंश सोसणाऱ्या त्या पंचेंद्रिय मनुष्याचे काय, हा प्रश्न आजच्या श्रावकाला पडल्यावाचून राहणार नाही.

दुसरी आठवण अधिक कडवट आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेगचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी केले, ते मांडवी भागात. धान्याच्या वखारी आणि व्यापारी पेढ्या यांनी गजबजलेल्या वस्तीत. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले, आणि पुढे मुंबईत झालेल्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. कुत्र्या-मांजरांवरील पिसू निराळ्या जातीची आहे, तेव्हा तिला पाहून प्लेगच्या भयाने गाळण उडण्याचे कारण नाही. तथापि ज्यांच्या घराखाली धान्याचे गोदाम आहे, त्यांनी उंदीर आणि पिसवा हे दोन शब्द एकत्र आठवावेत, हे बरे.

त्या कुटुंबाने दोन दिवसांच्या मुदतीत पशुवैद्यांना गाठले. त्यांनी आधी औषध न देता पिसूचा जीवनक्रम समजावून सांगितला, आणि घरातील निम्मा वाद तेथेच निवळला. पिसू मादी प्राण्याच्या रक्तावर जगते आणि दिवसाला वीस ते पन्नास अंडी घालते. अंडी गुळगुळीत असल्याने केसांत टिकत नाहीत. प्राणी जेथे झोपतो, अंग झाडतो, तेथे ती गळून पडतात. दोन ते दहा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. त्या प्रकाश टाळून सतरंजीच्या विणीत, दिवाणाखाली, शहाबादी फरशीच्या फटींत शिरतात आणि प्रौढ पिसवांनी टाकलेल्या रक्तमिश्रित विष्ठेवर, म्हणजे कटासण्यावर दिसलेल्या त्या काळ्या कणांवर, पोसल्या जातात. नंतर अळी चिकट कोश विणते. त्याला धूळ चिकटून तो दिसेनासा होतो. कोशातील पिसू आठवड्या-दोन आठवड्यांत बाहेर येते, किंवा यजमानाची चाहूल लागेपर्यंत कित्येक महिने तशीच थांबते. पावलांचा हादरा, उष्णता आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड या तिच्या खुणा. महिनाभर बंद असलेले घर उघडताच पायांवर पिसवा उड्या मारतात, त्याचे कारण हेच.

अभ्यासकांचा ढोबळ हिशेब असा, की घरातील एकूण संख्येत प्रौढ पिसवा शंभरात पाचच असतात. उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळ्या व कोश या रूपांत असतात. व्यापाऱ्याच्या भाषेत, दिसणारी रक्कम पाच आणि मुदतीच्या हुंड्या पंच्याण्णव. फवारणीने पाच फेडल्या, तरी हुंड्या आपापल्या तारखेस वटण्यासाठी येणारच. कोशाच्या आत तर बहुतेक औषधे पोहोचतच नाहीत. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी, आणि प्रत्येक वेळी नवी हिंसा. अहिंसेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरीही एकट्या फवारणीचा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

उत्पत्ती होऊ न देणे हा मार्ग जैन घराला नवा नाही. पावसाळ्यापूर्वी गव्हाला एरंडेल लावणे, पिठाला दिवसांची मर्यादा पाळणे, पाणी गाळून घेणे, यांमागे तोच विचार आहे: जीव जन्मल्यावर मारण्याचा प्रसंग यावा, त्यापेक्षा जन्मास अनुकूल स्थितीच राहू देऊ नये. पिसूच्या अळीला दमट हवा लागते. हवेतील आर्द्रता निम्म्याखाली गेली की ती जगत नाही. म्हणून हा उपद्रव पावसाळ्यात वाढतो, आणि म्हणून खरी तयारी ज्येष्ठातच व्हावयास हवी. प्राण्याचे अंथरूण एकच, ठरलेल्या जागी, लवकर धुता येईल असे सुती असावे. फरशीच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. दिवाणाखाली जुनी बारदाने आणि गाठोडी साठवू नयेत. प्राण्याच्या अंगावरून बारीक दातांची फणी रोज फिरवावी. फणीत आलेले कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले आणि तांबडा डाग उमटला, तर पिसवा आल्या असे समजावे. त्या वेळी त्यांची संख्या दहा-वीस असते, आणि दहा-वीस जीवांचा प्रश्न हजारोंच्या प्रश्नापेक्षा पुष्कळ सोपा असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. अंथरूण उन्हात टाकले, कडुनिंबाचा पाला ठेवला, म्हणजे हिंसा झाली नाही, असे अनेक घरांत समाधान मानले जाते. कडक उन्हात अंडी आणि अळ्या सुकून मरतात. कढत पाण्यातही मरतात. फणीने काढलेल्या पिसवा झाडाखाली परठविल्या, तर यजमानाविना त्या थोडेच दिवस जगतात, किंवा रस्त्यावरील कुत्र्याच्या अंगावर चढून त्याचे जिणे असह्य करतात. औषधाच्या बाटलीवर विषाचे चिन्ह असते आणि उन्हावर नसते, एवढाच भेद धरून चालणे ही स्वतःचीच समजूत घालणे होय. हिंसा किती झाली हे दडवू नये. कमीत कमी कशी होईल, हे पाहावे.

त्या घराने स्वीकारलेला क्रम असा होता. प्रथम कुत्र्याची झोपण्याची जागा कटासण्यांपासून दूर, एका कोपऱ्यात निश्चित केली. सतरंज्या आणि गालिचे सहा महिन्यांसाठी काढून टाकले. फरशी, दिवाणाचे सांधे आणि भिंतीच्या कडा यांवर रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरविण्यात आला. त्याच्या हादऱ्याने कोशातील पिसवा बाहेर येतात आणि धुळीसह ओढल्या जातात. गोळा झालेला कचरा त्याच दिवशी घराबाहेर काढला नाही, तर त्या पुन्हा घरात परततात. फवारणी कायमची रद्द झाली.

कुत्र्याला औषध द्यावे की नाही, यावर मात्र घरात तीन दिवस चर्चा चालली. मानेवर टाकण्याची किंवा पोटात देण्याची काही औषधे प्रौढ पिसू मारतात. मेथोप्रीन, पायरिप्रॉक्सिफेन यांसारखी काही द्रव्ये अंडी-अळ्यांची वाढ रोखतात. दुसरा प्रकार आजींना त्यातल्या त्यात सुसह्य वाटला. पण पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले, की या कुत्र्याला पिसूच्या लाळेचीच वावडी आहे. एक-दोन दंशही त्याची कातडी चिघळविण्यास पुरेसे आहेत. शिवाय खाजविताना प्राणी पिसू गिळतो आणि तिच्यातून पट्टकृमी त्याच्या आतड्यात जातो. क्वचित लहान मुलांनाही तो होतो. अखेर प्रौढ पिसू मारणारे औषधच ठरले. आजींनी अनुमोदन दिले नाही, विरोधही केला नाही. इतर घरांत याहून वेगळा निर्णय होऊ शकेल. मात्र तो प्राण्याची पाठ आणि मुलांचे पाय पाहून व्हावा, केवळ पुस्तक पाहून नव्हे.

औषधांबाबत एक सूचना प्राणाशी निगडित आहे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. ते मांजराला घातक ठरते, म्हणून कुत्र्याचे औषध मांजराच्या अंगावर कधीही टाकू नये. रॉकेल, फिनेल, कापूर-तेल यांचे घरगुती प्रयोगही मांजरावर करू नयेत. ते अंग चाटून स्वच्छ करते आणि विष पोटात जाते. जीवदयेपोटी औषध टाळून फिनेल वापरणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

तिसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा दिसल्या. सारे व्यर्थ गेले, असे वाटून चिरंजीवांनी फवारणीवाल्याचा क्रमांक पुन्हा शोधला. वस्तुतः त्या जुन्या कोशांतून निघालेल्या होत्या. त्यांना नवी अंडी घालण्याची संधी मिळणार नव्हती. सूनबाईंनी पशुवैद्यांचे म्हणणे आठवून देत व्हॅक्यूम क्लीनर चालूच ठेवला. पर्युषणाच्या सुमारास फणीखालचा ओला कागद सलग सहा दिवस पांढरा राहिला. नातीच्या घोट्यांवरील डाग तेवढे अजून पुसट दिसत होते.

औषधाची मात्रा दर महिन्यास द्यावी लागते. ती तारीख दुकानाच्या रोजमेळातच नोंदविली जाते, म्हणजे विसरत नाही. त्या दिवशी आजी आयंबील करतात. कोणी विचारले नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितले नाही. गेल्या दोन महिन्यांपासून त्याच दिवशी सूनबाईंच्या ताटातही बिनातुपाची भाकरी असते. खाली गोदामातील मांजरीला मात्र अद्याप कोणी फणी लावलेली नाही. ती हाताला लागत नाही, आणि तिची पिले बारदानांच्या थप्पीमागे आहेत.