स्थलांतरित पक्षी आणि भूस्वामित्व : दोयांगचा दाखला

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला एकाच ठिकाणचे संरक्षण पुरत नाही. अमूर ससाणा आग्नेय सैबेरिया व उत्तर चीन या प्रदेशांत वीण करतो आणि थंडीचे महिने आफ्रिकेच्या दक्षिण भागात काढतो. वाटेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लाखो ससाणे नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाकाठी उतरतात. तेथे पंख फुटलेल्या वाळवीवर ते पुष्ट होतात, आणि मग मध्य भारत ओलांडून, महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे झेपावतात. हे मुक्कामस्थान शासकीय अभयारण्य नव्हे. ती पांगती व शेजारच्या गावांतील लोथा नागा कुळांच्या व कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे.

२०१२ साली येथे रोज १२ ते १४ हजार ससाणे मारले जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. पक्षी पकडण्यासाठी वापरलेली जाळी मासेमारीची होती, ही गोष्ट बोलकी आहे. २००० साली कार्यान्वित झालेल्या दोयांग जलविद्युत प्रकल्पात शेते बुडाली, शेतकरी मासेमारीकडे वळला आणि पाण्यातले जाळे पुढे झाडांमध्ये टांगले गेले. वन्यजीव संरक्षणाचा कायदा तेव्हाही होता. परंतु संविधानाच्या अनुच्छेद ३७१क ने जमीन व तिच्यावरील साधनसंपत्तीच्या मालकीबाबत नागा समाजाला विशेष संरक्षण दिले आहे. मालकाच्या संमतीवाचून वनखात्याचा हात तेथवर फारसा पोहोचत नाही.

उलगडा झाला तो या मालकीतूनच. ग्रामपरिषदांनी वनखात्याशी करार केले, शिकारबंदीचे ठराव करून दंड ठरविले. जमीनमालकांची संघटना उभी राहिली. चर्चचा शब्दही कामी आला. २०१३ च्या हंगामात जाळी लागली नाहीत. त्याच नोव्हेंबरात उपग्रह-प्रेषक बसविलेल्या तीन ससाण्यांना ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ ही नावे देण्यात आली.

या बदलाला केवळ ‘जनजागृती’ म्हणणे अपुरे आहे. नकार देण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याने होकार दिला. तथापि करारांचे स्वरूप सर्वत्र सारखे नसते. कॅलिफोर्नियात २०१४ पासून भातशेतकरी पाणपक्ष्यांसाठी काही आठवडे शेतात पाणी राखण्याची बोली लावतात व ठरलेला मोबदला घेतात. दोयांगचा ठराव प्रामुख्याने गावाच्या शब्दावर उभा राहिला. शिकारीच्या उत्पन्नाचा तोटा मात्र, ज्यांची शेते आधीच पाण्याखाली गेली होती, त्यांच्याच वाट्याला आला.