कच्चे मडके आणि साध्य गाठल्याचा अभिमान

संत नामदेवांच्या चरित्रात मडक्यांच्या परीक्षेची जी कथा येते, ती मराठी समाजाने अहंकाराविषयी केलेल्या विचाराचा बहुधा सर्वांत धारदार नमुना आहे. कारण तिच्यात गर्विष्ठ ठरतो तो राजा, सावकार किंवा शास्त्री नव्हे, तर आयुष्याचे साध्य ज्याच्या हाती आले आहे असा भक्त. संतसाहित्यात ही कथा वेगवेगळ्या रूपांत आढळते आणि महिपतींनी १७६२ मध्ये रचलेल्या ‘भक्तविजय’ या ओवीबद्ध संतचरित्रामुळे ती घरोघरी पोचली. ती घडली तशीच घडली का, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांवर सोपवला तरी ती शतकानुशतके सांगितली गेली, एवढी गोष्ट तिचे महत्त्व ओळखायला पुरेशी आहे.

कथेचा गाभा असा की, संतमंडळी जमलेली असताना ज्ञानेश्वरांच्या भगिनी मुक्ताबाईंनी गोरोबा कुंभारांना त्यांच्या थापटण्याचा, म्हणजे ओल्या मडक्याला ठोकून आकार देण्याच्या लाकडी साधनाचा, उपयोग विचारला आणि मडके पक्के की कच्चे हे त्याने कळते असे उत्तर मिळताच, येथे बसलेल्यांपैकी पक्के कोण ते पाहावे, असे सुचवले. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत गेले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि गोरोबांनी त्यांना कच्चे ठरवले. नामदेवांचा राग समजण्यासारखा आहे: ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने प्रत्यक्ष खाल्ला अशी श्रद्धा होती आणि देव ज्यांच्याशी बोलतो असे लोक मानीत, त्यांना एका कुंभाराने सर्वांसमक्ष नापास करावे, हे त्यांच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत कुठेच बसत नव्हते.

भारतीय परंपरेने मानवी जीवनाची प्रयोजने धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष अशी चार सांगितली असून त्यांना पुरुषार्थ म्हटले जाते. भक्तिसंप्रदायांनी मोक्षाहूनही भक्ती श्रेष्ठ मानली आणि तिला पाचवा पुरुषार्थ म्हणण्यापर्यंत मजल मारली. या हिशेबाने नामदेवांना मिळवायचे काही उरलेच नव्हते. नेमकी अडचण तेथेच होती, कारण अर्थ किंवा काम यांच्या मागे लागलेल्या माणसाला आपण गुंतलो आहोत याची निदान अधूनमधून टोचणी तरी लागते, तर सर्वोच्च ध्येय गाठलेल्याला ती लागण्याचे कारणच राहत नाही, आणि ‘माझे’ सगळे सोडून दिल्याचा अभिमान हा शेवटचा ‘माझे’ म्हणून त्याच्याजवळ शिल्लक राहतो.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानाच्या लक्षणांची यादी येथे उपयोगी पडते. ती अमानित्वापासून, म्हणजे इतरांकडून मान मिळावा अशी इच्छा नसण्यापासून, सुरू होते, आणि तिच्यातच पुढे अनहंकार, म्हणजे ‘मी करणारा’ ही भावना नसणे, हे लक्षण स्वतंत्रपणे येते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीत या लक्षणांचा विस्तार केला आहे. दोन लक्षणे वेगळी ठेवण्यात बारकावा आहे. लोकांचा मान न घेणारा माणूस ‘मी मान घेत नाही’ या विचाराने आतून फुगू शकतो, आणि नामदेवांच्या बाबतीत मानाची हाव फारशी नसली तरी देवाशी असलेल्या जवळिकीचे कर्तेपण मात्र पक्के होते. सांख्य दर्शनाने तर अहंकाराला निव्वळ दुर्गुण न मानता प्रकृतीपासून उत्क्रांत होणारे एक तत्त्व मानले आहे, ज्यातून मन आणि इंद्रिये निर्माण होतात. तो असा मुळाशीच असेल, तर निर्धार करून त्याला एका दिवसात घालवून देण्याची भाषा थोडी भाबडी वाटते.

कथा पुढे कच्चे ठरलेल्या नामदेवांना गुरूच्या शोधात औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे नेते. तेथे विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसतात. नामदेव हरकत घेतात, तेव्हा विसोबा जेथे पिंडी नसेल तेथे पाय उचलून ठेवायला सांगतात, आणि नामदेव पाय जेथे ठेवतील तेथे पिंडी प्रकट होते. देव पंढरपूरच्या विटेवरच आहे, या समजुतीबरोबरच ‘तो मला भेटतो’ या अभिमानाचाही आधार सुटतो. परंपरेतल्या काही कथांनुसार हे विसोबा स्वतः पूर्वी ज्ञानेश्वरादी भावंडांचे द्वेष्टे होते, म्हणजे अहंकार ओळखण्याचे काम ज्याच्याकडे आले त्याला तो घरचाच परिचयाचा होता.

नामदेवांचे पुढील आयुष्य साध्य गाठलेल्या माणसाच्या विश्रांतीचे नाही. परंपरेनुसार ते उत्तरेत गेले आणि पंजाबातील घुमान येथे राहिले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील संत चोखोबांचा, म्हणजे चोखामेळ्यांचा, मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून देवळाच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी उभारण्याचे कामही परंपरा नामदेवांच्याच नावावर नोंदवते.

चोखोबांचा उल्लेख आला की या सबंध विचाराची एक मर्यादा मात्र उघड होते. ज्यांना देवळात प्रवेशच नव्हता, त्यांच्याजवळ सोडून देण्याजोगा अहंकार किती होता, हा प्रश्न मडक्यांच्या कथेने विचारलेला नाही. गोरोबा आणि मुक्ताबाई यांच्यासारखी, समाजाने कमी लेखलेली माणसे परीक्षकाच्या जागी बसवून तिने मानाची उतरंड क्षणभर उलटी केली हे खरे. पण भक्ताचा गर्व आणि अपमानित माणसाचा स्वाभिमान यांतले अंतर तिने मोजलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८ मधील इंग्रजी ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्याच्या स्मृतीस अर्पण केला, आणि त्या ग्रंथाचा विषय सोडून द्यायचा ‘मी’ नसून हिरावून घेतला गेलेला ‘मी’ हा होता.